बडोद्याच्या सरळ दक्षिणेला राहणारा मासा

दांडिया बाजारात राहणारी, प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी विचारते आहे: "काका, माझा दादा दुबईत एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. तिथे 'चिलियन सी बास' नावाचा मासा सगळ्यांत महाग. दादा म्हणतो, तो बर्फाच्या समुद्रात दीड-दोन किलोमीटर खोल राहतो आणि त्याच्या रक्तात अँटिफ्रीझ, म्हणजे गोठू न देणारं द्रव्य, असतं. हे खरं का? तो गोठत नाही, चिरडत नाही, हे कसं? असा मासा मोठ्या काचेच्या टाकीत पाळता येईल का? आणि तो खावा का? तुम्ही त्या बोटींवर होतात, म्हणून तुम्हालाच विचारते."

होतो खरा. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरातून निघून दक्षिण हिंदी महासागरात जाणाऱ्या लाँगलाइन बोटींवर, म्हणजे लांबच लांब दोरीला ओळीने गळ लावून मासा धरणाऱ्या बोटींवर, मी अकरा फेऱ्या निरीक्षक म्हणून केल्या. मासा पकडणं माझं काम नव्हतं. पकडलेला मासा मोजायचा, तोलायचा, नर की मादी ते बघायचं, पोटात काय सापडलं ते लिहायचं, माशाचं वय ज्यांवरून कळतं ते कानातले खडे काढून कागदी पाकिटात ठेवायचे आणि ठरलेल्या प्रमाणात काही मासे खूण लावून जिवंत परत सोडायचे. तुझ्या दादाने सांगितलेलं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात जी गल्लत झाली आहे ती चांगली चांगली माणसंही करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नाव. हा बास नव्हे, बासचा दूरचा भाऊसुद्धा नव्हे. हा पॅटागोनियन टूथफिश, शास्त्रीय नाव डिसोस्टिकस एलिजिनॉइडिस. १९७७ मध्ये ली लान्ट्झ नावाच्या अमेरिकन मासळी व्यापाऱ्याने तो चिलीत पाहिला. 'दातवाला मासा' म्हटलं तर गिऱ्हाईक बिचकेल, म्हणून त्याने ताटात शोभेल असं नवं नाव ठेवलं आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते बाजारात चालू दिलं. अर्जेंटिनात त्यालाच 'मेरलुसा नेग्रा' म्हणतात, जपानात 'मेरो'. चिलीशी त्याचं नातं आहेच, पण तो तेवढ्यापुरता नाही.

तो राहतो कुठे ते बघ. घरात पृथ्वीगोल असेल तर बडोद्यावर बोट ठेव. आपण ७३ अंश पूर्व रेखांशाच्या जरासे पुढे आहोत. ती रेघ न सोडता बोट खाली ने. गुहागरच्या आसपास कोकणकिनारा सुटेल, मग मालदीवची माळ, विषुववृत्त, आणि त्यापुढे पाणीच पाणी. ४९ अंश दक्षिणेवर थोडं पश्चिमेला केर्गेलेन बेटं येतील आणि ५३ अंशांवर, जवळजवळ आपल्याच रेखांशावर, हर्ड बेट. त्यावर २,७४५ मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी आहे, अंगभर हिमनद्या आहेत, माणूस एकही राहत नाही. ही दोन्ही बेटं समुद्राखालच्या एकाच प्रचंड पठारावर उभी आहेत. केर्गेलेन पठाराची लांबी २,००० किलोमीटरहून जास्त, आणि त्याच्या उतारांवर हा मासा राहतो. बडोद्यापासून सरळ दक्षिणेला सुमारे ८,४०० किलोमीटर. पहिल्या फेरीत बोटीवरच्या नकाशात हा रेखांश पाहिला तेव्हा फार बरं वाटलं होतं. घर अगदी डोक्यावर होतं.

आता अँटिफ्रीझ. टूथफिश दोन आहेत. आपला पॅटागोनियन, आणि त्याचा सख्खा भाऊ अंटार्क्टिक टूथफिश, डिसोस्टिकस मॉसनी. हा दुसरा आणखी दक्षिणेला, बर्फाला चिकटून राहतो. तिथल्या रॉस समुद्रात पाणी उणे १.९ अंशांवर असतं. मिठामुळे समुद्राचं पाणी शून्यावर गोठत नाही, उणे १.९ ला गोठतं. पण साध्या माशाचं रक्त समुद्राहून कमी खारट असतं, ते उणे ०.७ च्या आसपासच गोठायला लागतं. म्हणजे त्या पाण्यात एखादी सुरमई सोडली तर पाणी पाणीच राहील आणि सुरमईचा बर्फ होईल. मग हा मासा कसा जगतो? १९६० च्या दशकात आर्थर डिव्रीस हा तरुण अमेरिकन संशोधक अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो खाडीत बर्फाला भोक पाडून मासे काढायचा आणि त्यांचं रक्त तपासायचा. रक्तात त्याला साखर जोडलेली प्रथिनं सापडली. बर्फाचा बारीकसा कण शरीरात शिरला की ही प्रथिनं त्याला चिकटतात आणि त्याला वाढूच देत नाहीत. तुझी आई साखरेचा पाक करताना लिंबाचे चार थेंब पिळते, म्हणजे पाक पुन्हा खडे धरत नाही. तिथलं रसायन वेगळं आहे, पण नजरेला दिसणारा परिणाम तसाच: कण मोठा होत नाही. आणि ह्या प्रथिनाचा उगम तर मला आजही चकित करतो. स्वादुपिंडात पचनासाठी तयार होणाऱ्या ट्रिप्सिनोजेनच्या जनुकाचा एक तुकडा पुन:पुन्हा नकलला जाऊन हे प्रथिन घडलं, असं १९९७ मध्ये दाखवलं गेलं. उत्तर ध्रुवाकडच्या आर्क्टिक कॉड माशाने जवळजवळ तसंच प्रथिन अगदी वेगळ्या वाटेने घडवलं आहे.

पण दादाच्या हॉटेलात जो मासा येतो तो बहुधा पॅटागोनियन, आणि त्याच्या रक्तात हे प्रथिन नसतं. त्याला गरजच नाही. केर्गेलेनच्या उतारावर हजार-दीड हजार मीटरवर पाणी शून्याच्या वर दोन-तीन अंश असतं. अतिशय गार, पण गोठण्याच्या जवळपासही नाही. दोन भावांची ही गल्लत मी छापील मजकुरातही पाहिली आहे.

मग ह्या मासोबांची खरी करामत कशात? दोन अंशांवर शरीर चालतं ठेवण्यात. ती समजायला समुद्रावर जायला नको. जानेवारीत सकाळी न्हाणीघरात जा. खोबरेलाची बाटली थिजून पांढरी झालेली असते, शेजारची तिळाच्या तेलाची वाहती असते. दोन्ही तेलंच, पण तिळाच्या तेलातल्या मेदाम्लांच्या साखळ्या जागोजाग वाकलेल्या असतात, त्या एकमेकींना घट्ट लागून बसू शकत नाहीत, म्हणून ते थिजत नाही. प्रत्येक पेशीचं आवरण मेदाचंच असतं. ते थिजलं तर पेशी मेली. गार पाण्यातल्या माशाच्या आवरणात अशा वाकलेल्या साखळ्या जास्त असतात, म्हणून दोन अंशांवरही ते लवचिक राहतं. त्याची विकरंही (एन्झाइम) थंडीत काम करतील अशी सैलसर बांधणीची असतात.

ह्या सोयीची किंमत मात्र मोजावी लागते. जे आवरण दोन अंशांवर बरोबर लवचिक असतं ते वीस अंशांवर पातळ पडतं. १९६७ मध्ये सोमेरो आणि डिव्रीस ह्यांनी मॅकमर्डोच्या काही माशांवर प्रयोग केले, तेव्हा ते मासे सहा अंशांच्या आसपासच्या पाण्यात मरू लागले. सहा अंश! आपल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात साधारण तेवढं असतं. विश्वामित्रीच्या काठावर हिवाळ्यात मगरी ऊन खात पडलेल्या तू पाहिल्याच असशील. मगरही थंड रक्ताचीच, पण तिला गारठा नको असतो, ती ऊब शोधते. ह्या माशांचं गणित बरोबर उलटं आहे. त्यांना ऊबच सोसत नाही. पॅटागोनियन टूथफिशची सहनशक्ती त्या मॅकमर्डोच्या माशांहून बरीच जास्त आहे, तरी शरीराची घडण गारठ्यासाठीचीच. म्हणून मी नेहमी सांगतो की ह्या माशाचा पत्ता 'खोल समुद्र' असा लिहू नका, 'गार पाणी' असा लिहा. खोली ही त्या पत्त्याकडे जाणारी वाट आहे.

आता दाब. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे १,५०० मीटरवर १५० वातावरणं. नखाएवढ्या जागेवर दीडशे किलो. ऐकून छाती दडपते. पण दाबाने चिरडते ती हवा. पाणी जवळजवळ दबतच नाही आणि मासा बहुतांशी पाणीच आहे. माझ्या टेबलावर थर्मोकोलचे दोन पेले आहेत. एकदा खलाश्यांनी आणि मी मिळून असे पेले जाळीच्या पिशवीत घालून दोरीच्या वजनाला बांधून खाली सोडले होते. वर आले तेव्हा अंगठ्याला टोपी म्हणून घालता येतील एवढे झाले होते. बाहेर मी पेनाने लिहिलेलं 'बडोदा' मुंगीएवढं होऊन तसंच्या तसं शाबूत होतं. थर्मोकोल म्हणजे हवाच. हवा निघून गेली, पेला आक्रसला. त्याच पिशवीत पाणी भरून गाठ मारलेली प्लास्टिकची थैली होती, ती गेली तशीच परत आली. त्यावरून मासा समजून घे.

आता बहुतेक माशांच्या पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी असते, वाताशय. घोळ मासा तुला माहीत असेल, २०२३ पासून आपल्या गुजरातचा राज्यमासा. घोळीच्या ह्याच पिशवीला कोळी बोत म्हणतात आणि मांसाहून कितीतरी जास्त भाव त्या बोताला मिळतो. टूथफिशला बोत नाहीच! मग तो बुडत कसा नाही? त्याची हाडं हलकी, त्यांत खनिज कमी, आणि कातडीखाली व मांसात तेल भरपूर. पाण्याहून हलक्या तेलावर तो अधांतरी राहतो, फारशी शक्ती न घालवता. दुबईतलं गिऱ्हाईक ज्या लोण्यासारख्या मऊपणासाठी एवढे पैसे मोजतं, तो मऊपणा म्हणजे ह्या माशाची तरंगण्याची सोय आहे.

ह्याचा पुरावा मी शेकडो वेळा हातात धरला आहे. एकाच दोरीवर टूथफिशबरोबर ग्रेनेडिअर जातीचे मासे येतात, उंदरासारख्या निमुळत्या शेपटीचे. त्यांना वाताशय असतं. वर येताना दाब उतरतो, पिशवी फुगते, आणि बिचारे जठर तोंडातून बाहेर आलेले, डोळे खोबणीतून सुटलेले असे पृष्ठभागावर पोचतात. ते परत सोडून उपयोग नसतो. आणि त्याच दोरीवर पुढच्या गळाला दीड किलोमीटरवरून आलेला टूथफिश डेकवर शेपटी आपटत असतो.

एक रात्र सांगतो. जुलै महिना, पहाटेचे दोन, डेकवर दिव्यांचा पिवळा उजेड आणि आडवा येणारा हिमाचा भुगा. गळ तोंडाच्या कडेला लागलेला, अंगावर जखम नसलेला एक मासा मी खूण लावायला निवडला. १०४ सेंटिमीटर. ओल्या फोमच्या पाळण्यात त्याला ठेवलं. करडा-तपकिरी रंग, पुढे आलेला खालचा जबडा, आणि एवढाले डोळे, अंधारात राहणाऱ्याचे. रावपुऱ्यातल्या कापडदुकानांत कपड्याला किमतीची चिठ्ठी अडकवायची छोटी बंदूक असते ना, अगदी तशाच बंदुकीने पाठीवरच्या पराच्या बुडाशी दोन्ही बाजूंना एकेक बारीक प्लास्टिकची खूण लावली. एक गळून पडली तरी दुसरी राहावी म्हणून दोन. नंबर मोठ्याने वाचला, जोडीदाराने परत वाचला, लिहिला, आणि मासा कठड्यावरून सोडला. दोन क्षण तो पाण्यावर आडवा राहिला, मग डोकं खाली करून सरळ अंधारात गेला. बोत नसल्यामुळेच हे जमतं. असा खूण लावलेला मासा पुढे कुठे, किती वर्षांनी, किती वाढून सापडतो ह्यावरच तिथे एकूण मासे किती असावेत आणि किती पकडले तर चालेल ह्याचा हिशेब उभा राहतो. बहुतेक मासे वर्षानुवर्षांनी सोडल्या जागेच्या जवळपासच सापडतात. मोजके मात्र हर्डहून थेट पश्चिमेकडच्या दूरच्या क्रोझे बेटांपर्यंत जातात.

त्याचं आयुष्य सावकाश चालतं. मादी हिवाळ्यात हजार मीटरच्या आसपास अंडी घालते, साडेचार मिलिमीटरच्या जवळपासची, माशाच्या मानाने खूपच मोठी. अंडी पाण्यात तरंगत राहतात. पिल्लं मोठी होऊन पठाराच्या उथळ भागात, शे-तीनशे मीटरवर, तळाशी उतरतात आणि जसजसं अंग वाढतं तसतशी उतारावरून खाली सरकतात. म्हणून दोरी जितकी खोल, तितका मासा मोठा. मादी वयात यायला दहा वर्षांच्या आसपास लागतात, पन्नाशी गाठलेले मासे नोंदले गेले आहेत, लांबी दोन मीटरच्या पुढे आणि वजन शंभर किलोच्या पुढे जाऊ शकतं. माकूळ, लहान मासे, कोळंबीसारखे प्राणी, मेलेलं जे वरून खाली येईल ते, असं सगळं तो खातो. त्याला खाणारे म्हणजे स्पर्म व्हेल, हत्ती सील आणि अवाढव्य माकूळ. २००७ मध्ये रॉस समुद्रात गळाला लागलेला अंटार्क्टिक टूथफिश खात खात एक महाकाय माकूळ तशीच वर आली होती, ४९५ किलो वजनाची. ती आता वेलिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आपल्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहताना मला नेहमी ह्या दक्षिणेच्या पाण्याची आठवण येते.

'पत्ता म्हणजे गार पाणी' असं मी वर म्हटलं, त्याला एक पुरावा देतो. २००३ मध्ये 'नेचर' नियतकालिकात एक छोटी नोंद आली. उत्तर गोलार्धात, पार ग्रीनलंडजवळ, एका मच्छीमाराला पॅटागोनियन टूथफिश सापडला होता. जवळजवळ १८० सेंटिमीटर लांब, ७० किलोचा. विषुववृत्तावरचं कोमट पाणी ओलांडून हा दक्षिणेचा मासा उत्तरेत गेला कसा? उत्तर खोलीत आहे. विषुववृत्ताखालीसुद्धा खूप खाली गेलं की पाणी तितकंच गार असतं. वर नारळाची झाडं आणि खाली दोन-चार अंशांचा अंधार. त्या गार वाटेने तो वरच्या उष्ण पाण्याला न शिवता पलीकडे गेला असावा, असं संशोधकांनी मांडलं.

मग तू विचारशील, आपल्या अरबी समुद्रात, वेरावळच्या समोर खोल पाण्यात हा का नाही? तांबडा समुद्र आणि इराणचं आखात इथून कोमट, खारट पाणी येऊन अरबी समुद्रात पसरतं, त्यामुळे हजार मीटरवरही इथे आठ-नऊ अंश तापमान असतं. त्यातून दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ संपलेला. खोली तेवढीच, पण घर निराळं.

टाकीत पाळण्याचं उत्तर आता तूच देऊ शकशील. दाब हा त्यातला लहान अडसर. दोन-तीन अंशांवर बारमाही ठेवलेलं, प्राणवायूने भरलेलं पाणी, मीटरभराहून लांब आणि मोकळ्या उतारावर वाढलेला मासा, आणि मे महिन्यात ४३ अंशांत वीज गेलेली बडोद्याची दुपार. नको.

खावा का? दादाला त्याच्या मालकाकडून एक गोष्ट विचारायला सांग: ह्या खोक्याबरोबर पकडीचा दाखला आहे का. अंटार्क्टिकाभोवतीच्या सागरी जिवांच्या रक्षणाचा करार १९८० मध्ये झाला, १९८२ पासून लागू आहे, तो राबवणाऱ्या आयोगाचं कार्यालय ऑस्ट्रेलियात होबार्टला आहे आणि भारतही त्याचा सदस्य आहे. त्या आयोगाने २००० पासून टूथफिशच्या प्रत्येक मालाला दाखला लावला: कुठल्या बोटीने, कुठल्या पाण्यात, किती धरला. त्याआधी चोरट्या मासेमारीने ह्या सावकाश वाढणाऱ्या माशाची दैना केली होती. २००३ मध्ये 'व्हिआर्सा १' नावाच्या बोटीचा ऑस्ट्रेलियाच्या गस्ती जहाजाने हर्ड बेटापासून २१ दिवस पाठलाग केला, तो ह्याच माशासाठी. गळावरचं आमिष उचलायला झेपावून बुडून मरणारे अल्बट्रॉस हे समुद्रपक्षीही त्या काळात हजारोंनी गेले. रात्रीच दोर सोडणं, दोराला वजनं बांधून तो झटकन बुडवणं, मागे फडफडणाऱ्या पट्ट्यांची दोरी लावणं, ह्या साध्या उपायांनी दाखल्याच्या बोटींवर ते मरण शून्याच्या जवळ आलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून दाखल्याचा मासा खाल्ला तर माझी हरकत नाही, बिनदाखल्याचा मात्र ताटात घेऊ नये. आणि तो दीर्घायुषी शिकारी मासा आहे, मांसात पारा साठतो. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी टाळलेला बरा.

तू प्राणिशास्त्राची आहेस म्हणून एक काम देतो. मासळीवाल्याकडून घोळीचं किंवा ढोम्याचं डोकं माग. बहुतेकदा ते स्वस्तात देतात. डोळ्यांच्या मागे कवटीवर आडवा काप घे, मेंदू बाजूला सार. खाली दोन्ही बाजूंना खाचेत एकेक पांढरा खडा असेल, वालाच्या दाण्यासारखा. ह्या जातीचे खडे चांगले मोठे असतात, सापडतीलच. धुऊन वाळव, बारीक पॉलिशपेपरवर मधोमध येईपर्यंत घास, आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धर. टूथफिशच्या खड्यात ह्या जागी झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं दिसतात, आलटून पालटून एक दाट, एक पारदर्शक. ती मोजून आम्ही वय ठरवायचो, आणि एकच खडा दोघं जण एकमेकांना न सांगता मोजायचो. तुझ्या घोळीत ती कदाचित तितकी ठळक नसतील. तरी मोज, तीनदा मोज, तिन्ही आकडे लिहून ठेव, आणि ते खडे घेऊन ये. माझ्याकडे तिकडचे चार आहेत, शेजारी ठेवून बघू.